फुटलेल्या माहितीची भरपाई कोणाला?

परीक्षेचा पेपर फुटला की आपल्याकडे केवढा गहजब होतो! विद्यार्थी रस्त्यावर येतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात, मंडळाच्या अध्यक्षांना खुलासा करावा लागतो आणि शेवटी परीक्षा पुन्हा घ्यायचे ठरते. मनस्ताप होतो खरा, पण त्यावर उपाय असतो. नवा पेपर काढता येतो. माणसाची माहिती फुटली तर असा उपाय कुठून आणायचा? जन्मतारीख नव्याने काढून मिळत नाही. आईचे माहेरचे आडनाव बदलून घेता येत नाही. बोटांचे ठसे तर मरेपर्यंत तेच राहतात.

शिवाय ही चोरी दिसतही नाही. दागिने गेले की कपाट रिकामे दिसते. माहिती चोरीला जाते तेव्हा मूळ प्रत जागच्या जागी असते, तिची फक्त नक्कल जाते. ज्याची माहिती गेली त्याला पत्ता नसतो, आणि ज्याच्या तिजोरीतून गेली तो बोलायला तयार नसतो. एक दिवस अनोळखी माणसाचा फोन येतो, तो तुमचे पूर्ण नाव, पत्ता, विम्याच्या पॉलिसीचा हप्ता धडाधड सांगतो, आणि तुम्ही बुचकळ्यात पडता, की याला हे कळले कुठून?

कोणाकडून कळले, याचा शोध सामान्य माणसाने एकट्याने घ्यायचा म्हटला तर जन्म जाईल. अमेरिकेत यासाठी एक वाट आहे. तिला तिथे ‘क्लास ॲक्शन’ म्हणतात. आपण सामूहिक दावा म्हणू. ही वाट काही फुलांची नाही, तिच्यावर खड्डे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडे ती जवळजवळ नाहीच, म्हणून आज तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत मोठे उदाहरण घ्यायचे तर ‘इक्विफॅक्स’चे. अटलांटा शहरातली ही कंपनी १८९९ सालची. लोकांची पत मोजणे हा तिचा धंदा. आपल्याकडे कर्ज मागायला गेले की बँकेतला साहेब ‘सिबिल स्कोअर’ बघतो, त्याच जातीचे हे काम. या धंद्यातली मेख अशी की इथे ज्याची माहिती साठवली जाते तो कंपनीचा ग्राहकच नसतो. ग्राहक असतात बँका. तुम्ही-आम्ही म्हणजे तिथला कच्चा माल! दुकान आवडले नाही म्हणून दुसरीकडे जायची सोय आपल्याला नाही.

मार्च २०१७ मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’ नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक भगदाड सापडले. ते बुजवायचे ठिगळही लगेच फुकट उपलब्ध झाले. अमेरिकन सरकारी यंत्रणेने इशारा दिला, कंपनीत अंतर्गत सूचनाही फिरली. पण लोकांच्या तक्रारी ज्या यंत्रणेवर स्वीकारल्या जात, नेमके तिथेच ठिगळ लागले नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, ७६ दिवस, चोर आत फिरत होते. आत-बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे एक उपकरण होते. पण त्याचे प्रमाणपत्र मुदत संपून कित्येक महिने तसेच पडून होते, म्हणजे पहारेकरी होता पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी. २९ जुलैला ते प्रमाणपत्र नवे करताच संशयास्पद हालचाल दिसली. लोकांना हे सांगितले गेले ७ सप्टेंबरला. तोवर जवळपास १४ कोटी ७० लाख अमेरिकनांची नावे, जन्मतारखा, पत्ते आणि ‘सोशल सिक्युरिटी’ क्रमांक गेले होते. पुढे अमेरिकन सरकारने २०२० मध्ये चीनच्या लष्करातल्या चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला. पण आपला प्रश्न चोराविषयी नाही. कडी न लावणाऱ्या राखणदाराचे काय, हा आहे.

एकेका माणसाने या कंपनीवर दावा लावायचे ठरवले असते तर काय झाले असते? वकिलाच्या पहिल्या भेटीची फीसुद्धा त्याच्या नुकसानीपेक्षा जास्त झाली असती. अशा दाव्यात कोणी पडत नाही, आणि हे कंपनीला पक्के ठाऊक असते. प्रत्येकाचे पाच-पन्नास रुपये बुडवा, कोणी कोर्टात येणार नाही. कोटभर लोकांचे बुडवा, तरीही येणार नाही. सामूहिक दाव्याची कल्पना या हिशेबाला छेद देते. एक किंवा काही जण सर्वांच्या वतीने उभे राहतात. न्यायाधीश पाहतात की सर्वांची तक्रार एकच आहे ना, पुढे आलेली माणसे आणि त्यांचे वकील सर्वांचे हित नीट सांभाळतील ना. मग बाकीच्यांना नोटिसा जातात. ज्याला नको असेल त्याने बाहेर पडावे. जो गप्प बसेल तो आत धरला जातो. अमेरिकेच्या दिवाणी नियमांतला तेविसावा नियम तो हाच. त्याला आजचे रूप १९६६ मध्ये मिळाले.

वकिलांचे गणितही तिथे वेगळे आहे. अशा दाव्यात वकील पदरचे पैसे घालून लढतो आणि जिंकला तर रकमेतला वाटा घेतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार दाव्याच्या रकमेत वाटा घेणे वकिलाला निषिद्ध आहे. त्यामागचा हेतू चांगलाच आहे. मात्र त्यामुळे लाखो लोकांसाठी पाच वर्षे लढायचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर उरत नाही.

इक्विफॅक्सवर शेकडो दावे दाखल झाले आणि ते अटलांटाच्या संघीय न्यायालयात एकत्र केले गेले. जुलै २०१९ मध्ये तडजोड झाली. सरकारी खात्यांशी झालेल्या समझोत्यासह कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर, आणि गरज पडली तर ७० कोटींपर्यंत मोजायचे कबूल केले. वर्तमानपत्रांत मथळे आले, ‘१२५ डॉलर मिळवा’. लोकांनी भराभर अर्ज केले. मग हळूच बातमी आली की या १२५ डॉलरच्या पर्यायासाठी बाजूला ठेवलेली एकूण रक्कम ३ कोटी १० लाख डॉलरच आहे. भागाकार शाळकरी मुलालाही जमेल. एवढ्या पैशांत २ लाख ४८ हजार लोकांनाच पूर्ण १२५ डॉलर मिळू शकतात. बाधित होते १४ कोटी ७० लाख. म्हणजे हजारात दोघेसुद्धा नाहीत! तिथल्या व्यापार आयोगालाच जाहीर सांगावे लागले, की बाबांनो, फारशी आशा धरू नका. न्यायालयाची अंतिम मंजुरी २०२० च्या जानेवारीत मिळाली, अपिले झाली, आणि पैसे प्रत्यक्ष निघायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. वकिलांची फी मात्र ठरली ७ कोटी ७५ लाख डॉलर.

हे वाचून कोणीही म्हणेल, की मग हा वकिलांचाच बाजार झाला! मलाही बरेच दिवस तसेच वाटत असे. माझी एक भाची न्यू जर्सीत असते. ज्या इस्पितळात तिचे बाळंतपण झाले तिथली माहिती फुटली, दावा झाला, आणि दोन-अडीच वर्षांनी तिला बावीस डॉलरचा चेक आला. मी फोनवर थट्टा केली, “एवढ्यात काय, दोन पिझ्झे?” ती म्हणाली, “मामा, पैशांचं सोडा. माझी कोणती माहिती गेली, कधी गेली आणि आता ते काय करणार आहेत, हे मला कागदावर लिहून आलं. तुम्हाला तिकडे आजवर असं एक तरी पत्र आलंय?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या बोलण्याने माझे लक्ष चेकवरून कागदाकडे वळले, आणि त्या कागदांत बरेच काही असते असे दिसले. इक्विफॅक्सच्या तडजोडीत आणखी एक कलम होते. कंपनीने पाच वर्षांत माहितीच्या सुरक्षेवर किमान १०० कोटी डॉलर खर्च करायचे. ज्यांचे खरोखर पैसे गेले, म्हणजे कोणीतरी त्यांच्या नावावर कर्ज काढले, त्यांना पुराव्यानिशी २० हजार डॉलरपर्यंत भरपाई होती. बँकेत खेटे घालण्यात वाया गेलेल्या वेळालाही ताशी २५ डॉलर दर होता. सामान्य माणसाच्या खेट्यांना कोर्टाने भाव दिला, ही गोष्ट मला त्या १२५ डॉलरच्या मथळ्याहून मोठी वाटते.

आणि न्यायाधीश तिथे अंगठा उठवायला बसलेले नसतात. ‘याहू’चे उदाहरण पाहा. २०१३ च्या चोरीत त्या कंपनीची तब्बल ३०० कोटी खाती उघडी पडली, आणि हे पूर्णपणे कबूल करायला २०१७ साल उजाडले. पहिली तडजोड ठरली ५ कोटी डॉलरची. न्यायाधीश लूसी को यांनी ती जानेवारी २०१९ मध्ये फेटाळून लावली. एकूण किती लोक बाधित, किती पैसा कोणाला, हे लोकांना नीट सांगितलेलेच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही पक्ष परत गेले आणि ११ कोटी ७५ लाख डॉलरचा आकडा घेऊन आले. तो २०२० मध्ये मंजूर झाला. न्यायालयाने ‘पुन्हा करून आणा’ म्हटल्यावर रक्कम दुपटीहून अधिक झाली!

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा नव्हे. या दाव्यांपुढचा खरा पेच वेगळाच आहे. माहिती फुटली, हे सिद्ध झाले. पण त्यामुळे तुमचे नुकसान काय झाले? चोराने अजून तुमच्या नावावर कर्ज काढले नसेल तर तुम्ही कोर्टाला काय दाखवणार? भीती दाखवणार की गेलेली झोप? २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘ट्रान्सयुनियन’ या दुसऱ्या पतकंपनीचा खटला आला. तिने ८,१८५ माणसांच्या नोंदींवर चुकीचा शेरा मारला होता, की ही नावे दहशतवादी वगैरेंच्या सरकारी यादीशी जुळू शकतात. त्यांपैकी १,८५३ जणांचा हा शेरा बाहेर व्यापाऱ्यांकडे गेला. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की चुकीच्या शेऱ्याबद्दल फक्त या १,८५३ जणांनाच भरपाई मागता येईल. उरलेल्या ६,३३२ जणांचे प्रत्यक्ष असे नुकसान झालेले नाही. शेरा फायलीत पडून होता, बाहेर गेला नाही, म्हणून नुकसान नाही! फायलीत आपल्या नावापुढे ‘दहशतवादी?’ असे लिहिलेले असताना किती जणांना शांत झोप लागेल, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानेही असाच दरवाजा लोटला. ‘गूगल’ने आयफोन वापरणाऱ्यांवर त्यांच्या नकळत पाळत ठेवली, अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ इंग्लंड-वेल्समधल्या चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या वतीने उभे होते. न्यायालय म्हणाले, प्रत्येकाचे काय नुकसान झाले ते सिद्ध केल्याशिवाय सरसकट भरपाई देता येणार नाही. चाळीस लाख लोकांनी एकेकाने सिद्ध करायचे म्हणजे कोणीच करणार नाही.

आता आपल्या घरात डोकावू.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. इक्विफॅक्सची बातमी फुटली त्याच्या अवघे चौदा दिवस आधी! न्यायमूर्तींनी अधिकार दिला. पण तो मोडला तर दाद कुठे मागायची? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात पुढे ‘४३-अ’ हे कलम घातले गेले होते. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि त्यातून कोणाचे नुकसान झाले तर तिने भरपाई द्यावी, असे ते सांगते. या कायद्याखालचे निवाडे प्रत्येक राज्यात माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव करतात. महाराष्ट्रात २०१३ मध्ये अशाच एका निवाड्यात पुण्याच्या एका उद्योजकाला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. म्हणजे वाट होती. अरुंद होती, फार थोड्यांना ठाऊक होती, पण होती.

मग आला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात चांगले पुष्कळ आहे. माहिती फुटली तर कंपनीने संबंधित प्रत्येक माणसाला कळवलेच पाहिजे, हे बंधन माझ्या भाचीच्या टोमण्याला उत्तर ठरावे. हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो दंड जातो कुठे? भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. उलट भरपाई देणारे ते जुने ‘४३-अ’ कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाने दावाच ऐकू नये, असेही त्यात आहे. आणि नागरिकाने खोटी किंवा फालतू तक्रार केली तर त्याला १० हजारांपर्यंत दंड! नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिन्यांची सवलत.

चोरी माझ्या घरी, आणि भरपाई चावडीवर जमा, असा हा न्याय आहे.

लोकांच्या वतीने सरकारनेच लढावे, हा विचार आपल्याला नवा नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ मध्ये कायदा करून पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार सरकारने एकट्याकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. ती तडजोड ज्यांच्या नावाने झाली त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. त्या दुर्घटनेशी माहितीच्या चोरीची तुलना मी करत नाही. तिथे माणसे मेली. पण पीडिताला बाजूला बसवून त्याच्या नावाने निकाल लावायची सवय मात्र तीच आहे.

दुसरा दाखला ‘सत्यम’चा. २००९ मध्ये त्या कंपनीचा घोटाळा उघड झाला. अमेरिकेच्या बाजारात तिचे रोखे घेतलेल्यांनी तिथे सामूहिक दावा लावला, आणि २०११ मध्ये कंपनीने १२ कोटी ५० लाख डॉलर देऊन तो मिटवला. मुंबईच्या बाजारात तेच समभाग घेतलेला आपला निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून हात चोळत राहिला, कारण त्याच्यासाठी तसा दरवाजाच नव्हता. त्यातून धडा घेऊन २०१३ च्या कंपनी कायद्यात भागधारकांना आणि ठेवीदारांना सामूहिक दाव्याचा अधिकार मिळाला. पैसे गुंतवणाऱ्याला जे मिळाले ते माहिती गुंतवणाऱ्याला का मिळू नये?

हाताशी अगदीच काही नाही असेही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एकसारखे हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही करू शकते. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर जाऊन दुसऱ्याला देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आता चोराने नेलेली माहिती ‘दिली’ म्हणायची का, यावर वकील वाद घालतील. घालू देत. पण वाद कोर्टात झाला तर निकाल लागेल, आणि त्यासाठी कोणीतरी तो तिथवर न्यायला हवा. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली ती याच महाराष्ट्रात. धान्यापासून घरापर्यंतचे प्रश्न आपल्या ग्राहक चळवळीने हाती घेतले. तिच्यापुढे आता हे नवे काम आहे.

मे २०२१ मध्ये ‘एअर इंडिया’ने जाहीर केले होते, की तिच्या प्रवाशांची माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीवर हल्ला होऊन जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाधित झाली आहे. जवळजवळ दहा वर्षांतल्या प्रवासांची नावे, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील त्यात होते. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेले आपल्या ओळखीचे किती आजी-आजोबा त्यात असतील! परवलीचा शब्द बदला, असा सल्ला तेव्हा मिळाला. जन्मतारीख बदला, असे काही कोणाला म्हणता आले नाही.

म्हणून माझे मागणे फार नाही. दंडाच्या रकमेतला एक हिस्सा बाधितांसाठी वेगळ्या निधीत ठेवावा. भरपाईचे कलम काढून न टाकता ते सोपे करावे, आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला सर्वांच्या वतीने मंडळापुढे उभे राहण्याचा हक्क द्यावा. नुकसान मोजताना रिकामा झालेला खिसाच फक्त पाहू नये. वाया गेलेला वेळ आणि कायमची लागलेली धास्तीही पाहावी. अमेरिकेची नक्कल करा असे मी म्हणत नाही. तिथल्या चुका डोळ्यांसमोर आहेत, त्या टाळून करता येईल.

तोवर आपण घरच्या घरी एवढे तरी करावे. आधार कार्डाची झेरॉक्स मागणाऱ्याला ‘कशासाठी?’ असे विचारायची लाज वाटू देऊ नये, आणि द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहून सही करावी. माहिती फुटल्याचे पत्र किंवा मेल आला तर तो पुसून न टाकता जपून ठेवावा. अनोळखी फोनवाल्याने आपली खडान्‌खडा माहिती सांगितली तर त्याच्यावर विश्वास न ठेवता, ती त्याला कोणाकडून मिळाली असेल याचा विचार करावा, आणि त्या संस्थेला लेखी विचारावे. उत्तर बहुधा येणार नाही. पण एका गावातून असे दोनशे लोक लिहू लागले, तर त्या दोनशे पत्रांचा एक दावा व्हायला फार वेळ लागणार नाही.